लॉकची फ्लाइट आणि लॉकची स्टेअरकेस: ग्रिंडली ब्रूकला दोन्ही एकाच चढावर

इंग्लंड आणि वेल्समधून जाणाऱ्या लँगोलेन कालव्यावर रेनबरीचा उचलता पूल मागे टाकून नॅरोबोट (अरुंद, लांबट बोट) वर निघाली, की मारबरी, क्वॉइझली, विलीमूर, पोव्हीज अशी एकेकटी लॉक (बोट वर-खाली नेणारे, दोन्ही टोकांना दारं असलेले पाण्याचे हौद) लागतात. मग ग्रिंडली ब्रूकला ओळीने सहा. लांबून सहाही सारखीच दिसतात, पण खालची तीन सुटी आहेत आणि वरची तीन एकमेकांना जोडलेली. सुट्यांची रांग म्हणजे फ्लाइट, जोडलेली म्हणजे स्टेअरकेस. दोन्हीकडे हँडल तेच, पॅडल (पाणी सोडायच्या झडपा) तीच. पाणी सोडायचा क्रम मात्र वेगळा, आणि घोळ होतो तो तिथेच.

फ्लाइटमध्ये दोन लॉकच्या मध्ये पाण्याचा एक तुकडा असतो, त्याला पाउंड म्हणतात. म्हणून प्रत्येक लॉकचा हिशेब स्वतंत्र. वर जाताना लॉक भरलेलं असेल तर आधी रिकामं करायचं, खालची दारं उघडून बोट आत घ्यायची, दारं आणि खालची पॅडल बंद करून वरची पॅडल आधी अर्धी आणि बोट स्थिरावली की पूर्ण उघडायची. पाणी समपातळीत आलं की वरचं दार उघडतं. बाहेर पडल्यावर पॅडल आणि दार बंद. सोबत माणसं असतील तर एकाने पुढे चालत जाऊन पुढचं लॉक तयार ठेवावं. जपायचं ते पाउंडला: खालची दारं गळकी असली किंवा कोणी पॅडल उघडं टाकून गेलं, तर पाउंड उतरतो आणि बोट तळाला टेकते. अशा वेळी वरच्या लॉकमधून थोडं पाणी सोडून तो भरून घ्यावा लागतो. या कालव्यावर आणखी एक त्रास आहे. लॉकला वळसा घालून येणारं जादा पाणी लॉकच्या तोंडाशीच आडवं घुसतं आणि बोटीचं नाक भिंतीवर ढकलतं. थोडा जास्त वेग ठेवून सरळ घुसावं. तिथे घुटमळलात की आपटलात.

स्टेअरकेसमध्ये पाउंडच नाही. खालच्या हौदाचं वरचं दार हेच वरच्या हौदाचं खालचं दार. त्यामुळे बोटीला लागणारं पाणी वरच्या हौदातूनच येतं, आणि सगळे हौद बोट आत घेण्याआधीच लावून ठेवावे लागतात. वर जायचं असेल तर सर्वांत खालचा रिकामा, बाकीचे भरलेले. खाली यायचं असेल तर सर्वांत वरचा भरलेला, बाकीचे रिकामे. वर जाताना मधला हौद रिकामा राहिला, तर बोट खालच्या हौदात अडकून बसते. पॅडल उघडलं तरी यायला पाणीच नसतं. उतरताना मधला भरलेला राहिला, तर वरून सोडलेलं पाणी काठावरून वाहतं.

बोट वर गेल्यावर तिन्ही हौद भरलेले राहतात. मागून दुसरी बोट वर जाणार असेल तर फक्त तळचा एक रिकामा केला की झालं. पण उतरणारी आली तर खालचे दोन ओतून टाकावे लागतात. एक हौद म्हणजे, ७२ फूट लांब, ७ फूट रुंद आणि ७ फूट चढ धरला, तर सुमारे १ लाख लिटर पाणी. फ्लाइटमध्ये उलटा हिशेब: वर गेलेली बोट लॉक भरलेलं सोडते, ते समोरून उतरणाऱ्याला आयतं मिळतं. म्हणजे फ्लाइटमध्ये एक वर, एक खाली असं आलटून-पालटून सोडणं फायद्याचं. स्टेअरकेसमध्ये एकाच दिशेच्या दोन-तीन बोटी लागोपाठ. शिवाय फ्लाइटच्या पाउंडमध्ये बोटी एकमेकींना ओलांडू शकतात, अरुंद स्टेअरकेसमध्ये मुळीच नाही.

लॉक-कीपर थांबवतो तो याचसाठी. समोर तळचा हौद रिकामा आणि दारं उघडी दिसली तरी घुसू नये; वरून कोणी उतरायला सुरुवात केली आहे का, ते आधी चालत जाऊन पाहावं. खरं तर लँगोलेनला पाण्याची चणचण फारशी नसते, डी नदीचं पाणी सतत वाहत येतं. उन्हाळ्यात तिथे खोळंबा होतो तो रांगेमुळे.

उतरताना सिलचा धोका दोन्हीकडे सारखाच. वरच्या दाराच्या आत दगडी उंबरा असतो, भिंतीवरच्या पांढऱ्या रेघेने तो कुठवर आहे ते कळतं. बोटीची मागची बाजू त्या रेघेच्या पुढे ठेवावी. शेपूट उंबऱ्यावर टेकलं आणि पाणी उतरत राहिलं, तर बोट नाकावर कलते आणि पुढून पाणी भरू लागतं. तसं दिसताच आधी खालची पॅडल बंद, मग वरची हळूहळू उघडायची. स्टेअरकेसमध्ये त्यासाठी वरच्या हौदात पाणी शिल्लक असावं लागतं, आणि ते नुकतंच तुमच्याबरोबर खाली आलेलं असतं. म्हणून तिथे एक माणूस सतत सुकाणूपाशी नजर ठेवून हवाच.