बैठी समाधी: खड्डा खणण्याआधी घरच्यांनी ठरवायच्या गोष्टी

लिंगायत समाजात मृताला मांडी घालून बसवून पुरतात, तीच बैठी समाधी; तिचा खड्डा आम्ही खणतो. घरात कोणी लिंगैक्य झाले, म्हणजे वारले, की पहिला निरोप पाहुण्यांना जातो, दुसरा जंगमांना (लिंगायत पुरोहितांना), आणि आमच्यापर्यंत यायला दुपार होते. खड्डा थांबू शकतो, देह थांबत नाही. मृत्यूनंतर साधारण दोन ते चार तासांत अंग ताठरायला लागते आणि बारा तासांच्या सुमारास पुरते ताठ होते. त्यानंतर मांडी घालता येत नाही. म्हणून आम्हाला फोन करण्याआधी देह बसवून घ्या.

भिंतीला लाकडी फळी टेकवा, तिला पाठ लावून मांडी घाला. कंबर, छाती आणि गुडघे सुती पंच्याच्या रुंद पट्टीने बांधा. सुतळी कातडीत रुतते. हनुवटीखालून एक पट्टी डोक्यावर न्या, नाहीतर तोंड उघडे राहते. डोळे तेव्हाच मिटवा.

बाहेरगावचा मुलगा येईपर्यंत बर्फाची पेटी आणतात, तिथे घोळ होतो. पेटी आडवी असते, आणि तिच्यात रात्रभर झोपवलेला देह सकाळी मांडी घालत नाही. थंडीत ताठरपणा जास्त वेळ टिकतो. अशा वेळी कुणी जोर लावून सांधे वाकवायला गेले तर थांबवा. आडवी समाधी द्यावी, त्यात काही कमीपणा नाही. रात्र काढायचीच असेल तर देह बसवूनच ठेवा आणि भोवती बर्फाच्या लाद्या लावा.

खड्डा कोणता घ्यावा

कोनाड्याची समाधी हवी की साधी, हे जमीन ठरवते. जुन्या वहिवाटीत मृताच्या पावलाने नऊ पावले मोजतात. आम्ही मोठ्या माणसासाठी 4 बाय 4 फूट आणि खोली 7 फूट धरतो. तळाशी एका बाजूला कोनाडा कोरतो: रुंदी 3 फूट, उंची साडेतीन, आत अडीच. बसलेल्या देहाची उंची तीन फुटांच्या आसपास भरते, त्यामुळे डोक्यावर थोडी मोकळीक राहते आणि कोनाड्याच्या छतावर साडेतीन फूट माती उरते. तोंड उत्तरेला की पूर्वेला, हे जंगमांना खणण्याआधीच विचारा. कोनाडा एकदा कोरला की फिरवता येत नाही.

मुरमात कोनाडा छान उभा राहतो. काळ्या मातीत नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि कोनाड्याचे छत आतल्या माणसाच्या अंगावर बसते. काळ्या रानात एक तर शहाबादी फरशीचा आधार द्यायचा, नाहीतर कोनाडा सोडून खड्ड्यातच बसवायचे. आमचा कल दुसऱ्याकडे असतो.

मुरमात चार माणसांना पाच तास लागतात. जेसीबी लवकर खणतो हे खरे, पण कोनाडा कोरत नाही, आणि जुन्या रुद्रभूमीत (लिंगायत दफनभूमीत) त्याच्या वजनाने शेजारच्या समाध्या खचतात. शेजारच्या समाधीपासून तीन फूट अखंड माती सोडतो. तिकडची भरलेली माती भुसभुशीत असते, कड ढासळते. कोनाड्यासह निघणारी माती दीड ब्रासच्या जवळ जाते. ती कडेपासून तीन फूट लांब टाकावी लागते. दर्शनाला आलेली मंडळी कडेवर दाटीने उभी राहतात, त्यांनाही तेवढेच मागे ठेवा.

साहित्य

खडे मीठ एक पोते (50 किलो), विभूती 5 किलो, बेलपत्र, रुद्राक्ष, कोरे सुती कापड, कोनाडा बंद करायला दोन फरश्या. इष्टलिंग (मृताने अंगावर धारण केलेले लिंग) घरातूनच येते, ते डाव्या तळहातावर ठेवतात. पॉलिएस्टरची साडी, प्लॅस्टिकच्या फुलांचे हार, नायलॉनची दोरी आत सोडू नका. देहाची माती झाली तरी ती तशीच राहतात. दागिने घरीच मोजून काढा.

पावसाळ्यात खड्डा आदल्या रात्री घेऊ नये, सकाळी गुडघाभर पाणी मिळते. तळाला पाझर लागला तर आणखी खोल जाऊ नका. पाणी उपसून मुरमाचा अर्धा फूट थर द्यायचा.

स्वतःच्या रानात

बांधावर समाधी द्यायची तर सातबाऱ्यावर नाव असलेल्या प्रत्येकाची लेखी संमती घ्या आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवून पोच ठेवा. वाटणीच्या किंवा विक्रीच्या वेळी याच जागेवरून भांडणे होतात. विहीर, बोअर आणि ओढा यांच्याजवळची जागा आम्ही घेत नाही. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते. घरी मृत्यू झाला असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून नमुना 4अ (मृत्यूच्या कारणाचा दाखला) भरून घ्या.

वरचे बांधकाम

माती दर फुटाला तुडवून भरतो, तरी ती बसतेच. म्हणून वर दीड फूट उंचवटा ठेवतो आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून दगड आणि बाभळीच्या फांद्या रचतो. कट्टा लगेच बांधून मागू नका. तेराव्याच्या आत हौसेने बांधलेला कट्टा पुढच्या श्रावणात मधोमध चिरतो, कारण खालची माती तेव्हा खचत असते. एक पावसाळा जाऊ द्या, खचलेल्या जागी मुरूम भरून घ्या, मग विटांचा कट्टा आणि वर लिंग बसवा. मधल्या काळात जागा ओळखू यावी म्हणून डोक्याच्या बाजूला नाव-तारीख कोरलेला एक दगड पुरून देतो.