युद्धकालीन व्यापार परवाने (ब्रिटिश साम्राज्य, १९३९–४५)

शत्रूकडे जाणारा माल अडवण्यासाठी, तसेच जहाजे व डॉलर पुरवून वापरण्यासाठी ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात साम्राज्यभर राबवलेली आयात-निर्यात नियंत्रणाची पद्धत. ब्रिटनमध्ये तिचा कायदा १ सप्टेंबर १९३९ रोजी झाला. हिंदुस्थानात तेच अधिकार भारत संरक्षण नियमांतील ८४व्या नियमाने सरकारकडे आले.

समुद्रावरचा मुख्य कागद म्हणजे नॅव्हिसर्ट, म्हणजे माल शत्रूकडे जाणारा नाही असा ब्रिटिशांनी आधीच दिलेला दाखला. लंडनमधील अमेरिकी कॉन्सुल जनरल रॉबर्ट स्किनर यांच्या सूचनेवरून तो १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धात निघाला. तटस्थ देशातील व्यापाऱ्याने माल चढवण्याआधीच ब्रिटिश वकिलातीकडे अर्ज करायचा. माल कोणाच्या हाती पडणार, त्या देशाला एरवी तो किती लागतो, हे पाहून कागद मिळे आणि वाटेत झडतीसाठी बंदरात अडकून पडणे टळे. १ डिसेंबर १९३९ पासून तो पुन्हा सुरू झाला, पण ऐच्छिक म्हणून. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर कागद नसलेला माल संशयितच धरला जाऊ लागला. जोडीला खुद्द जहाजासाठी वेगळे हमीपत्र आले. ते नसेल तर एडनला असो वा कोलंबोला, ब्रिटिश बंदरात कोळसा मिळेना, दुरुस्तीला गोदी मिळेना. लंडनचा विमाही बंद. युद्धनौकांपेक्षा हा नकार स्वस्त पडला आणि बहुधा अधिक लागू पडला.

हिंदुस्थानातील आयात नियंत्रणाचे कारण मात्र शत्रूपेक्षा डॉलर हे होते. मे १९४० मध्ये ६८ वस्तूंपासून सुरुवात झाली आणि जानेवारी १९४२ पर्यंत बहुतेक सगळी आयात परवान्याखाली आली. कोटा पूर्वीच्या आयातीवरून ठरे. त्यामुळे जुन्या पेढ्यांचे फावले, नव्या माणसाला दार बंद. तागाची पोती अमेरिकेला विकून आलेले डॉलर रिझर्व्ह बँकेकडे भरावे लागत. ते साम्राज्यातील देशांच्या लंडनमधील सामायिक डॉलर निधीत जात आणि हिंदुस्थानच्या खाती पौंड जमा होत. मुख्यतः ब्रिटनने देणे असलेल्या युद्धखर्चामुळे ही शिल्लक युद्ध संपेपर्यंत सुमारे १३० कोटी पौंडांवर गेली. इतके येणे असलेल्या देशाला अमेरिकी यंत्रासाठी परवाना मागावा लागे, हे त्या काळातले ढळढळीत वैगुण्य.

खानदेश-वऱ्हाडच्या शेतकऱ्याला या धोरणाची झळ कापसातून लागली. तिथल्या आखूड धाग्याच्या कापसाचे जपान हे मोठे गिऱ्हाईक होते. जुलै १९४१ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि हिंदुस्थान यांनी जपानी मालमत्ता गोठवली आणि ती बाजारपेठ हातची गेली. मुंबईच्या गिरण्या लष्करी मागणीमुळे धडाक्यात चालू होत्या, पण हा सगळा कापूस त्यांच्या कामाचा नव्हता. पुढे आयात कापसावर जादा कर बसवून उत्पादकांच्या मदतीसाठी निधी उभारण्यात आला.

युद्ध संपले तरी परवाने उठले नाहीत. हिंदुस्थानात मार्च १९४७ मध्ये आयात-निर्यात (नियंत्रण) कायदा झाला, तोही तीन वर्षांपुरता. मुदतवाढी मिळत तो १९९२ पर्यंत टिकला. ब्रिटनमधील १९३९ चा कायदा ‘आणीबाणी’ संपेपर्यंतच होता. ती संपल्याची घोषणा कुणी केलीच नाही आणि १९९० मध्ये संसदेने त्याला कायमचे रूप दिले.