ते रेरेंगा वाइरुआ: आत्म्यांच्या वाटेवरचं टोक

न्यूझीलंडच्या उत्तर टोकाला, केप रिइंगाला गेलेला माणूस फोटो काढतो तो पांढऱ्या दीपस्तंभाचा. पण तो १९४१ सालचा. त्याहून कितीतरी जुनी गोष्ट खाली समुद्रात घुसलेल्या कड्यावर आहे: खडकाच्या फटीत मुळं रोवून, खारं वारं झेलत उभं असलेलं पोहुतुकावाचं एक झाड. डिसेंबरात ही झाडं किनारभर लालभडक फुलतात. हे मात्र फुलत नाही, असं सांगतात.

न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माओरींच्या श्रद्धेनुसार मृतांचे आत्मे याच झाडाच्या मुळावरून समुद्रात उतरतात. म्हणून या टोकाचं माओरी नाव ‘ते रेरेंगा वाइरुआ’, म्हणजे आत्म्यांनी झेप घेण्याची जागा. देशभरातून ते पश्चिम किनाऱ्याच्या लांबच लांब पुळणीवरून उत्तरेकडे चालत येतात. वाटेत एका टेकाडावर आपापल्या मुलखाची खूण ठेवतात. कुणी नेच्याचं पान, कुणी किनाऱ्यावरचं गवत. समुद्रात उतरल्यावर मनावाताफी बेटावर एकदा वर येतात, मागे वळून जमिनीचा निरोप घेतात आणि हवाइकी या पूर्वजांच्या मूळ भूमीकडे निघतात. मागे वळून पाहण्याचा हा क्षण मला या कथेतला सगळ्यात हळवा वाटतो.

१६४३ च्या जानेवारीत डच दर्यावर्दी आबेल तास्मान इथून गेला. त्याने मनावाताफीच्या बेटांना ‘थ्री किंग्ज’ म्हटलं आणि नकाशावर तेच रुजलं. पुढे १८७९ मध्ये जवळच्या मोटुओपाओ बेटावर दीपस्तंभाचा दिवा लागला. खवळलेल्या समुद्रातून तिथे होडी लावणं जिकिरीचं, म्हणून तो इथे आणला. १९८७ पासून तो माणसाविना चालतो. २०१० मध्ये रस्त्याचा शेवटचा टप्पाही डांबरी झाला आणि गाड्यांची रीघ लागली.

या भूमीचे राखणदार म्हणजे न्गाती कुरी ही माओरी जमात. त्यांच्या जमिनींबाबतच्या ऐतिहासिक दाव्यांवर समझोत्याचा कायदा झाला तो थेट २०१५ साली, ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुखांमधल्या १८४० च्या वाइतांगी करारानंतर पावणेदोनशे वर्षांनी.

इथे काही खाऊ नका, असं पाहुण्यांना सांगितलं जातं. डबा घेऊन आलेल्यांना ते खटकतं. पण कचरा होईल म्हणून ही विनंती नाही. माओरी रीतीत अन्नाने ‘तापू’, म्हणजे जागेचं पावित्र्य, उतरतं. आपल्या सोवळ्याच्या कल्पनेशी हे थोडं जुळतं. म्हणून डबा गाडीतच ठेवायचा आणि परतताना, टोक मागे पडल्यावर उघडायचा.