कोळसा म्हणजे खत नव्हे

रामबागेतल्या आमच्या शेजारच्या काकू इस्त्रीवाल्याकडचा उरलेला लाकडी कोळसा कुटून सरळ गुलाबाच्या कुंडीत घालतात. “अहो, खतच आहे ते!” इंदूरच्या बऱ्याच गच्च्यांवर हेच ऐकू येतं.

खत नाही. लाकडी कोळसा बहुतांशी कार्बन. लाकडातलं बरंचसं नत्र भाजतानाच उडून जातं. कोळशाचा उपयोग असतो तो त्याच्या बारीक छिद्रांमुळे. त्यांत पाणी आणि विरघळलेली अन्नद्रव्यं टिकून राहतात. पण कोरा कोळसा टाकला, तर तो मातीतलंच नत्र धरून बसू शकतो आणि पानं पिवळी पडतात. म्हणून तो दोन-तीन आठवडे शेणकाल्यात किंवा कंपोस्टमध्ये मुरवायचा आणि कुंडीतल्या मातीच्या दहाव्या हिश्शाहून कमीच घालायचा.

कोळशाच्या बाजूने दाखला नेहमी दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातल्या सुपीक काळ्या मातीचा दिला जातो. तिथे कोळशाबरोबर हाडं, खरकटं, मैलाही शेकडो वर्षं पडत गेला, शिवाय मूळ जमीन आम्लधर्मी. आपली माळव्याची काळी माती बहुधा अल्कधर्मी, पाणी धरणारी. कोळशाने सामू (pH) आणखी चढतो.

खरं तर काखेत कळसा आणि गावाला वळसा! ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथेच काडीकचरा, शेण आणि गोमूत्र मुरलेली माती यांपासून कंपोस्ट करण्याची पद्धत बसवली. जग तिला ‘इंदूर पद्धत’ म्हणतं.

आणि हो, दगडी कोळसा कुंडीत अजिबात नको.