कार्ड-बेसबॉल लीगमधील ऑल-स्टार निवड आणि मालिका

कार्ड आणि फासे घेऊन खेळल्या जाणाऱ्या बेसबॉल लीगमध्ये हंगामाच्या मध्यावर किंवा अखेरीस सर्वोत्तम खेळाडूंचे दोन संघ निवडतात आणि त्यांच्यात एक सामना किंवा छोटी मालिका खेळवतात. ही प्रथा अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या, ऑल-स्टार सामन्यावरून आली. टेबलावर आल्यावर मात्र तिचे नियम बदलले, आणि वादही वेगळे झाले.

या लीगला मैदान लागत नाही. खऱ्या खेळाडूच्या एका हंगामातील आकडेवारीवरून त्याचे कार्ड तयार होते. लीगचे सभासद, म्हणजे मॅनेजर, ड्राफ्टमध्ये, म्हणजे पाळीपाळीने निवड करून, खेळाडू वाटून घेतात, आपसांत ट्रेड (अदलाबदल) करतात, महिनोन्‌महिने सामने खेळतात आणि प्रत्येक सामन्याचा स्कोअर लिहून ठेवतात. नियम सांभाळायला आणि तंटे सोडवायला एक कमिशनर असतो. शाळेत मागच्या बाकावर बुक क्रिकेट खेळलेल्यांना यातली गोडी लगेच कळेल. फरक एवढाच की, पान उघडताना तेंडुलकर आणि अकराव्या नंबरचा फलंदाज यांची संधी सारखीच असायची. इथे ती प्रत्येकाच्या कार्डाप्रमाणे बदलते.

या प्रकारचा सर्वांत गाजलेला जुना खेळ १९४१ साली आला, आणि त्याच्या नावातच ऑल-स्टार होते. एथन अ‍ॅलन हा १९२६ ते १९३८ या काळात मेजर लीगमध्ये खेळलेला खेळाडू. त्याने तयार केलेला ‘ऑल-स्टार बेसबॉल’ कडाको-एलिस या कंपनीने बाजारात आणला. त्यात प्रत्येक खेळाडूची गोल चकती असे. चकती फिरत्या काट्याखाली ठेवायची आणि काटा जिथे थांबेल तो निकाल मानायचा. पिचर (चेंडू टाकणारा) कोण आहे याने निकालात काही फरक पडत नसे, ही त्याची मोठी उणीव होती. १९५१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टरच्या जे. रिचर्ड साइट्झ यांनी ‘एपीबीए’ विक्रीला काढला. त्यात दोन फाशांवरून ११ ते ६६ असा आकडा वाचतात आणि तो बॅटरच्या कार्डावर शोधतात. पिचरला ए, बी, सी, डी अशी श्रेणी असते. श्रेणी जितकी वरची, तितके बॅटरचे जास्त हिट (यशस्वी फटके) बाद ठरतात. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या हॅल रिचमन यांचा ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ आला. त्याच्या पहिल्या संचात फक्त ८० कार्डे होती.

ऑल-स्टार निवडीतला पेच समजायला स्ट्रॅट-ओ-मॅटिकचे एक दान जवळून पाहावे लागते. फासे तीन. एक वेगळ्या रंगाचा, दोन सारखे. वेगळ्या फाशावर १, २ किंवा ३ पडले तर बॅटरच्या कार्डाचा त्या क्रमांकाचा स्तंभ बघायचा. ४, ५ किंवा ६ पडले तर पिचरच्या कार्डाचा. उरलेल्या दोन फाशांची बेरीज २ ते १२ मध्ये येते आणि त्या ओळीवर निकाल छापलेला असतो. एकूण शक्यता २१६, त्यांतल्या १०८ बॅटरच्या हातात आणि १०८ पिचरच्या. समजा एखाद्या बॅटरच्या दुसऱ्या स्तंभात ७ समोर होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) लिहिला आहे. सातची बेरीज सहा प्रकारे पडते. म्हणून तो होम रन २१६ पैकी ६ वेळा, म्हणजे बॅटिंगच्या ३६ पाळ्यांमागे एकदा येतो. हंगामात ६०० पाळ्या मिळाल्या तर या एका ओळीतून सोळा-सतरा होम रन निघतात. काही ओळींवर निकाल विभागलेला असतो: वीस बाजूंच्या फाशावर १ ते १२ आले तर होम रन, १३ ते २० आले तर डबल (दोन बेसचा फटका). पिचरच्या कार्डावरच्या काही ओळी निकाल थेट क्षेत्ररक्षकाकडे सोपवतात आणि मग त्याचे रेटिंग कामाला येते.

सगळ्या वादाचे मूळ इथेच आहे. खऱ्या बेसबॉलमध्ये खेळाडूची गुणवत्ता डोळ्यांना दिसत नाही. कामगिरीवरून तिचा अंदाज बांधावा लागतो. कार्ड लीगमध्ये गुणवत्ता पहिल्या दिवसापासून छापील स्वरूपात टेबलावर असते. मग ऑल-स्टार म्हणून कोणाला घ्यायचे? ज्याचे कार्ड भारी त्याला, की ज्याची दाने चांगली पडली त्याला?

दानाची ताकद किती असते हे आकड्यांतून बघू. एका शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) कार्डाप्रमाणे त्याची सरासरी .२८०, म्हणजे हजार अ‍ॅट-बॅटमागे (मोजल्या जाणाऱ्या बॅटिंगच्या पाळ्यांमागे) २८० हिट, निघायला हवी आणि अर्ध्या हंगामात त्याला २५० अ‍ॅट-बॅट मिळाले, असे धरू. नुसत्या फाशांमुळे येणारे प्रमाण विचलन (नेहमीच्या चढउताराचे माप) .०२८ च्या आसपास भरते. म्हणजे तो .३०८ वर पोचला किंवा .२५२ वर घसरला, तरी त्यात नवल काही नाही. आता दुसरा शॉर्टस्टॉप .२६० च्या कार्डाचा घ्या. प्रत्येकी २५० अ‍ॅट-बॅटनंतर हा दुबळ्या कार्डाचा खेळाडू पुढे असण्याची शक्यता साधारण दहात तीन आहे. त्यामुळे मध्यावरची यादी बघून कोणीतरी म्हणतोच, ‘कार्ड बघ ना त्याचं!’ आणि समोरून उत्तर येते, ‘कार्ड असू दे, मारलंय कोणी ते बघ.’

कामगिरी बघणारी दुसरी बाजू खरी मानायला हवी. कार्डाची किंमत मॅनेजरने ड्राफ्टमध्ये आधीच मोजलेली असते. पहिल्या फेरीत उचलल्याबद्दल त्या खेळाडूला पुन्हा मान द्यायचे कारण नाही. निवड कार्डावरून करायची असेल तर ती हंगाम सुरू होण्याआधीच करता येईल, आणि मग खेळलेल्या शेकडो सामन्यांना अर्थ राहत नाही. आणखी एक गोष्ट आहे. आकड्यांत सगळे काही दान नसते. डावखुऱ्या पिचरसमोर कोणाला उतरवायचे, थकलेला पिचर कधी काढायचा, कागदावरच्या कोणत्या मैदानाचे रेटिंग कोणाला फळते, हे मॅनेजरचे कसब असते. १९७२ मध्ये स्ट्रॅट-ओ-मॅटिकने डाव्या-उजव्या हाताच्या पिचर आणि बॅटरसाठी वेगळे स्तंभ असलेली प्रगत आवृत्ती आणली, तेव्हापासून या कसबाला बराच वाव मिळाला. नेमक्या वेळी वापरलेले मध्यम कार्ड लीगमधल्या पहिल्या पाचांत येऊ शकते, आणि ऑल-स्टार निवडीने त्याची दखल घ्यायलाच हवी.

मर्यादित वापराच्या कार्डांना वेगळा नियम लागतो. १९५७ चा बॉब हेझल हे त्याचे ठळक उदाहरण. मिलवॉकी ब्रेव्हजने त्याला हंगामाच्या उत्तरार्धात बोलावले आणि त्याने ४१ सामन्यांत .४०३ च्या सरासरीने ७ होम रन मारले. एवढ्याशा आकड्यांवर बनलेले कार्ड दानागणिक प्रतिस्पर्ध्याला घाम फोडते, पण मागे अ‍ॅट-बॅट फक्त १३४ आहेत. असे कार्ड रोज खेळवले तर लीगचा तोल जातो. म्हणून बहुतेक लीग खेळाडूच्या खऱ्या अ‍ॅट-बॅट किंवा इनिंगच्या प्रमाणात वापरावर बंधन घालतात, आणि ऑल-स्टार पात्रतेसाठी किमान वापराची अटही ठेवतात. ही अट नसेल तर दोन्ही संघ अशा अल्पजीवी चमत्कारांनीच भरतील.

मतदानाच्या बाबतीत खऱ्या बेसबॉलने धडा आधीच देऊन ठेवला आहे. ‘शिकागो ट्रिब्यून’चे क्रीडा संपादक आर्च वॉर्ड यांच्या कल्पनेतून पहिला ऑल-स्टार सामना ६ जुलै १९३३ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्कवर झाला. मेजर लीगच्या अमेरिकन आणि नॅशनल या दोन गटांमध्ये तो होतो. बेब रूथने होम रन मारला आणि अमेरिकन लीग ४–२ ने जिंकली. १९५७ मध्ये सिनसिनाटीच्या चाहत्यांनी मतपत्रिकांचा असा पाऊस पाडला की नॅशनल लीगच्या पहिल्या आठांत त्यांच्या शहराचे सात जण निवडून आले. फक्त पहिल्या बेसवर सेंट लुईसचा स्टॅन म्युझिअल टिकला. मेजर लीगचे कमिशनर फोर्ड फ्रिक यांनी गस बेल आणि वॉली पोस्ट यांना सुरुवातीच्या संघातून काढले आणि विली मेज आणि हँक अ‍ॅरन यांना घेतले. चाहत्यांचा मताधिकार गेला तो १९७० मध्येच परत मिळाला.

कार्ड लीगमध्ये मतदार दहा-वीसच असतात आणि प्रत्येकाचा स्वतःचा संघ असतो. म्हणून मतपत्रिकेवर स्वतःचे खेळाडू लिहायचे नाहीत, हा नियम बऱ्याच ठिकाणी आढळतो. प्रत्येक संघाचा किमान एक खेळाडू हवा, हा मेजर लीगचा नियमही अनेकांनी उचलला आहे. तळाच्या संघाचा मॅनेजर हंगामाच्या मध्यावर कंटाळून लीग सोडण्याचा धोका असतो. त्याचा एक खेळाडू ऑल-स्टारमध्ये असला तर तो थांबतो. त्यासाठी एखादा जास्त लायक खेळाडू बाहेर राहिला तरी ही किंमत रास्त आहे. शोहेई ओतानीसारख्याचा पेच निराळा. २०२२ मध्ये त्याने ३४ होम रन मारले आणि पिचर म्हणून १५ सामनेही जिंकले. त्याची जागा एक धरायची की दोन, हे निवडीआधी ठरलेले बरे.

खरा ऑल-स्टार सामना एकच असतो. १९५९ ते १९६२ या चार वर्षांत तो हंगामात दोनदा खेळवला गेला, पण ते टिकले नाही. कार्ड लीगमध्ये मात्र तीन, पाच किंवा सात सामन्यांच्या मालिका होतात, कारण जागा, प्रवास आणि विश्रांती यांचा प्रश्न येत नाही आणि एका सामन्यात दान फार बोलते. एखादा संघ प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ५५ टक्के असली तर तीनच्या मालिकेत ती साडेसत्तावन टक्क्यांच्या आसपास आणि सातच्या मालिकेत जेमतेम ६१ टक्क्यांपर्यंत जाते. सात सामन्यांनीही निवाडा पक्का होत नाही. तरी पिचर फिरवण्याचे डावपेच मालिकेतच दिसतात, आणि मॅनेजरांना त्यातच रस असतो.

पिचरच्या वापराचे नियम आधी लिहून ठेवावे लागतात. २००२ मध्ये मिलवॉकीला खरा ऑल-स्टार सामना ११ इनिंगनंतर ७–७ असा बरोबरीत सोडवावा लागला, कारण दोन्हीकडचे पिचर संपले होते. प्रदर्शनी सामन्यात प्रत्येकाला दोन-तीन इनिंगची मर्यादा घालतात. मालिकेत नेहमीसारखी पिचरांची फेरी चालते. कार्डावरचे दुखापतीचे निकाल अनेक लीग या मालिकेपुरते बाजूला ठेवतात, म्हणजे आपला हुकमी खेळाडू पाठवायला कोणी कचरत नाही. संघ चालवण्याचा मान बहुधा मागच्या हंगामाच्या अंतिम फेरीतल्या दोन मॅनेजरांना मिळतो. मेजर लीगची रीतही तीच आहे.

पहिल्यांदा ही मालिका खेळणाऱ्याला धावा किती कमी होतात याचे आश्चर्य वाटते. दोन्हीकडे भारी बॅटर असूनही १–० आणि २–१ असे निकाल लागतात. कारण त्या २१६ च्या हिशेबात आहे. बॅटरचे कार्ड सर्वसाधारण पिचर धरून बेतलेले असते, आणि इथे मात्र निम्मी दाने अव्वल पिचरच्या कार्डावर जातात. क्षेत्ररक्षणही सर्वोत्तम असल्याने उरलेसुरले हिट अडतात. अशा वेळी वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे मिळणारा पहिला बेस) मिळवणारा बॅटर घेतलेला शहाणा, फक्त मोठे फटके मारणारा नव्हे.

या प्रथेचा सर्वांत जाहीर प्रयोग १९८१ मध्ये झाला. खेळाडूंच्या संपामुळे १४ जुलैचा क्लीव्हलंडचा ऑल-स्टार सामना लांबणीवर पडला. त्याच दिवशी त्याच म्युनिसिपल स्टेडियममध्ये स्ट्रॅट-ओ-मॅटिकच्या कार्डांवर तो खेळवला गेला आणि क्लीव्हलंडचा जुना पिचर बॉब फेलर याने पहिले फासे टाकले. संप मिटल्यावर ९ ऑगस्टला खरा सामना ७२,०८६ प्रेक्षकांसमोर झाला आणि नॅशनल लीगने तो ५–४ ने जिंकला. २०२० मध्ये कोविडने हंगाम अडवला, तेव्हाही त्याच कंपनीने संगणकावर रोजचे सामने चालवून निकाल जाहीर केले. क्लीव्हलंडचा प्रसंग मात्र वेगळा ठरतो, कारण तिथे कार्डे प्रत्यक्ष त्या मैदानावर आली होती.

ऑल-स्टार मालिकेचे आकडे हंगामाच्या आकड्यांत मिळवत नाहीत. त्यांची नोंद वेगळी ठेवतात. निवडीमुळे खेळाडूचा ट्रेडमधला भावही सहसा वाढत नाही. पुढच्या वर्षीचे कार्ड तो खऱ्या मैदानावर या वर्षी काय करतो त्यावर बनणार असते, आणि मॅनेजरांची एक नजर कायम तिकडे असते. ऑल-स्टार म्हणून निवडलेला खेळाडू प्रत्यक्षात त्याच आठवड्यात सूर हरवून बसला असेल, तर मालिका संपण्याआधीच त्याच्यासाठी ट्रेडचे प्रस्ताव फिरू लागतात.