नवं फोटोशॉप घेऊ की लाइटरूम? आधी दोघांतला घोळ मिटवा

लग्नसराई आटोपली, चार पैसे हातात आले की जळगाव-धुळ्यापासून पार शहादा-तळोद्यापर्यंतच्या स्टुडिओंत एकच प्रश्न निघतो: "भाऊ, सॉफ्टवेअर अपग्रेड करून घेऊ का?" त्यावर ठरलेलं उत्तर येतं: "लाइटरूम घे, फोटोशॉप जुनं झालं आता." हे उत्तर साफ चूक आहे, आणि त्याच्या भरवशावर लोक दर महिन्याला पैसे भरत बसतात. लाइटरूम म्हणजे फोटोशॉपची पुढची आवृत्ती नव्हे. फोटोशॉप १९९० पासून आहे, लाइटरूम २००७ मध्ये आलं. दोन्ही अ‍ॅडोबीचीच, दोन्ही फोटो सुधारायचीच, दोन्ही आजही शेजारी शेजारी विकली जातात, आणि दोघांची कामं वेगळी आहेत.

फोटोशॉप तुम्हाला येतं असं धरून चालतो. लेअर, मास्क, क्लोन स्टॅम्प, पासपोर्टचा ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो म्हणजे ३०० डीपीआयला ४१३ बाय ५३१ पिक्सेल, करिश्मा अल्बमची १२ बाय ३६ इंचांची शीट म्हणजे ३६०० बाय १०८०० पिक्सेल. हे हाताला बसलेलं आहे, त्यावर शब्द घालवत नाही. तेवढंच काम असेल तर लाइटरूम तुमच्या उपयोगाचं नाही. त्यात लेअर नाहीत, फोटोवर हवा तसा मजकूर मांडायची सोय नाही, डोळे मिटलेल्या काकांच्या जागी दुसऱ्या फोटोतलं डोकं बसवता येत नाही आणि अल्बमची पीएसडी (फोटोशॉपच्या फाइलची) टेम्पलेट लेअरसकट उघडत नाहीत.

खरा घोळ एकाच ठिकाणी आहे. फोटोशॉपमध्ये तुम्ही फाइल उघडता, तिचे पिक्सेल बदलता आणि सेव्ह करता. लाइटरूम क्लासिकमध्ये (स्टुडिओला लागणारी लाइटरूमची आवृत्ती, इथे लाइटरूम म्हणजे हीच) मूळ फोटोच्या पिक्सेलना हात लागतच नाही. एक्सपोजर किती वाढवलं, सावल्या किती उजळल्या, कुठून क्रॉप केलं, एवढ्या सूचना तेवढ्या कॅटलॉग नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिल्या जातात. कॅटलॉग म्हणजे फोटोंचा सातबारा. जमीन जिथल्या तिथे असते, उताऱ्यावर फक्त नोंदी. पडद्यावर दिसणारा सुधारलेला फोटो या नोंदी वाचून त्या त्या वेळी तयार केलेला असतो. तो फाइल म्हणून हवा असेल, तर एक्सपोर्ट करावाच लागतो.

हे डोक्यात बसलं नाही की पुढची सगळी रडगाणी सुरू होतात.

पहिलं रडगाणं कंट्रोल-एसचं. फोटोशॉपच्या सवयीने लोक रंग सुधारतात, कंट्रोल-एस दाबतात, फोल्डर पेनड्राइव्हवर टाकून लॅबला देतात आणि प्रिंट जुन्याच रंगात आल्या म्हणून लॅबवाल्याशी भांडतात. लाइटरूममध्ये कंट्रोल-एस फोटो सेव्ह करत नाही. ते फक्त सूचना फाइलजवळ लिहितं: रॉ (कॅमेऱ्याने रंग पक्के न करता साठवलेली फाइल) असेल तर शेजारी छोटी एक्सएमपी फाइल तयार होते, जेपेग असेल तर त्याच्या मेटाडेटात, म्हणजे फाइलसोबतच्या माहितीत, नोंद होते. जेपेगचे पिक्सेल होते तसेच राहतात. लॅबच्या मशीनला त्या नोंदींशी काही देणंघेणं नसतं. लॅबला द्यायचं तर कंट्रोल-शिफ्ट-ई दाबून एक्सपोर्ट करा: फॉरमॅट जेपेग, कलर स्पेस (रंगांची मोजपट्टी) एसआरजीबी, रिझोल्यूशन ३००, आणि फोल्डर मूळ फोटोंपेक्षा वेगळा.

दुसरं रडगाणं "फोटो मिसिंग"चं. सी ड्राइव्ह भरला म्हणून विंडोजच्या एक्सप्लोररमधून लग्नाचा फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर हलवला, की लाइटरूममध्ये प्रत्येक फोटोवर उद्गारचिन्ह आणि फोल्डरवर प्रश्नचिन्ह दिसतं. फोटो गेलेले नसतात, नोंदीतला पत्ता चुकलेला असतो. इथे घाबरून लोक फोल्डर पुन्हा इम्पोर्ट करतात आणि सगळी मेहनत पाण्यात घालतात. कारण सूचना जुन्या पत्त्याच्या नोंदीला चिकटलेल्या असतात आणि नव्या नोंदीवर फोटो कोरा येतो. उपाय साधा आहे. डावीकडच्या फोल्डर पॅनलमध्ये प्रश्नचिन्हाच्या फोल्डरवर राइट क्लिक, 'फाइंड मिसिंग फोल्डर', नवी जागा दाखवा, संपलं. कधी फोल्डर कोणीच हलवलेला नसतो, फक्त हार्डडिस्कचं अक्षर ई होतं ते एफ झालेलं असतं. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जुनं अक्षर परत द्या. इथून पुढे फोल्डर हलवायचा तर लाइटरूमच्या आतूनच हलवा.

तिसरं बॅकअपचं, आणि हे सगळ्यांत महाग पडतं. बंद करताना लाइटरूम बॅकअप घेऊ का विचारतं. तो बॅकअप फक्त कॅटलॉगचा असतो. फोटोंची एक प्रतही त्यात नसते. डिस्क गेली तर हातात नुसता उतारा राहतो, जमीन गायब. उलट बाजूही तेवढीच खरी आहे. नुसत्या रॉ फाइल दुसऱ्या मशीनवर नेल्या तर एडिटिंग सोबत जात नाही. न्यायचंच असेल तर 'एक्सपोर्ट अ‍ॅज कॅटलॉग' करा, नाहीतर आधी सगळे फोटो निवडून कंट्रोल-एसने एक्सएमपी लिहून घ्या. डिलीट करतानाही दोन पर्याय येतात: 'रिमूव्ह' म्हणजे फक्त नोंद काढली, 'डिलीट फ्रॉम डिस्क' म्हणजे फाइलच उडाली. घाईत एंटर मारू नका.

एवढी कटकट असताना हे घ्यायचं कसाले? तर नोंद म्हणजे फक्त आकडे, आणि आकडे शेकडो फोटोंवर एका झटक्यात चढवता येतात.

रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागेत प्री-वेडिंग काढणाऱ्यांना हे लगेच कळेल. वरून पानांतून गाळून आलेला उजेड, बाजूने पानांचं प्रतिबिंब, नवरीच्या गालावर आणि पांढऱ्या शर्टावर हिरवट झाक. फोटोशॉपमध्ये हे एकेका फोटोवर कलर बॅलन्स लावून किंवा अ‍ॅक्शन (नोंदवून ठेवलेल्या पायऱ्या) चालवून सुधारतात, आणि उजेड जरा बदलला की अ‍ॅक्शनचं गणित बिघडतं. लाइटरूममध्ये त्या जागेचा एक फोटो घ्या, शर्टाच्या जळून न गेलेल्या भागावर व्हाइट बॅलन्सचा (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवण्याचा) ड्रॉपर मारा, टिंट जरासा मॅजेंटाकडे सरकवा. त्याच जागेचे बाकीचे फोटो निवडा आणि सिंक करा. सिंकच्या खिडकीत फक्त व्हाइट बॅलन्स, एक्सपोजर आणि प्रोफाइलवर खूण ठेवा. क्रॉपवरची खूण राहिली तर एका फोटोची चौकट सगळ्यांवर बसते आणि कोणाचे पाय, कोणाचं डोकं कापलं जातं. ऑटो सिंकचं बटण चुकून चालू राहिलं तर त्याहून वाईट. एक फोटो सुधारतोय असं तुम्हाला वाटत असतं, आणि निवडलेले दोनशे फोटो मागे बिघडत असतात.

हा सगळा फायदा खऱ्या अर्थाने मिळतो तो रॉ काढणाऱ्याला. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. जेपेगमध्ये व्हाइट बॅलन्स कॅमेऱ्यानेच भाजून पक्का केलेला असतो, रॉमध्ये तो नंतर ठरवता येतो. हळदीचा पिवळा आणि मांडवाचा लाल कपडा जेपेगमध्ये सपाट रंगाचा गोळा होतो. सारंगखेड्याच्या यात्रेत भर उन्हात काढलेल्या पांढऱ्या घोड्याच्या अंगावरचे केस जेपेगमध्ये सापडत नाहीत, रॉमध्ये बऱ्याचदा परत मिळतात. तिन्ही रंग पूर्ण भरून गेले असतील तर मात्र रॉसुद्धा काही करू शकत नाही. तेव्हा तुम्ही जेपेगच काढत असाल आणि तेच काढत राहणार असाल, तर अपग्रेड सॉफ्टवेअरचं नको, सवयीचं हवं. आधी कॅमेऱ्यात रॉ चालू करा. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, सोनीचं इमेजिंग एज ही कंपन्यांची स्वतःची रॉ सॉफ्टवेअर फुकट मिळतात. डार्कटेबल आणि रॉथेरपीसुद्धा फुकट आहेत. दोन महिने त्यांवर हात बसवा, मग पैशाचं बोला.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. आजच्या फोटोशॉपमध्ये कॅमेरा रॉ (रॉ फाइल उघडून सुधारणारा भाग) आहेच, आणि त्याचं इंजिन लाइटरूमच्या डेव्हलपचंच (फोटो सुधारायच्या विभागाचंच) आहे. दोन्हींत एकच फोटो त्याच आकड्यांनी सुधारला तर निकाल तोच येतो. "लाइटरूमचे कलर भारी येतात" असं छातीठोक सांगणाऱ्याचं मनावर घेऊ नका. लाइटरूम जास्तीचं देतं ते कॅटलॉग, निवड आणि गठ्ठ्याने काम.

ज्यांच्याकडे जुनं फोटोशॉप सीएस६ आहे त्यांची अडचण निराळी. ते २०१२ चं, एकदाच पैसे भरून मिळणारं शेवटचं फोटोशॉप. त्याचं कॅमेरा रॉ ९.१.१ वर थांबलं. त्यामुळे कॅनन ईओएस आर, निकॉन झेड६, सोनी ए७ थ्री असे २०१८ चे कॅमेरे घेतले की त्यांच्या रॉ फाइल उघडतच नाहीत. दुकानदार लगेच "आता नवं घ्यावंच लागेल" म्हणतो. लागत नाही. अ‍ॅडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर (रॉ फाइल डीएनजी या दुसऱ्या रॉ फॉरमॅटमध्ये बदलणारं सॉफ्टवेअर) फुकट आहे. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये कंपॅटिबिलिटी 'कॅमेरा रॉ ७.१ अँड लेटर' ठेवा, फोल्डर बदलून घ्या, सीएस६ त्या डीएनजी उघडतं. वेळ आणि डिस्क दोन्ही खातं, पण महिन्याला एखाददुसरं काम असेल तर भागतं.

बाकी फरक किरकोळ आहेत. प्रीसेटच्या (तयार सेटिंगच्या) "५००० प्रीमियम लुक" पॅकवर तर एक रुपया घालवू नका. दुसऱ्याच्या उजेडात बनवलेला लुक जळगावच्या मे महिन्यातल्या दुपारी टिकत नाही, आणि वर सगळ्यांची कातडी नारिंगी करून ठेवतो. लाइटरूम आणि लाइटरूम क्लासिक यांत स्टुडिओला क्लासिकच. नुसतं लाइटरूम मुख्यतः क्लाउडसाठी आहे. २५ एमबीच्या हजार रॉ म्हणजे २५ जीबी, आणि ५ एमबीपीएसच्या अपलोडला ते चढायला अकरा तास लागतात, तेही वीज गेली नाही तर.

दोन्ही घेतलंत तर प्रत्येक फोटो फोटोशॉपमध्ये नेण्याची हौस टाळा. लाइटरूममधून पाठवलेली फाइल मूळ सेटिंगने १६ बिटची टिफ होते. २४ मेगापिक्सेलला कॉम्प्रेशन न करता ती १४४ एमबीच्या आसपास जाते, म्हणजे ६०० फोटोंचे ८६ जीबी. विजेची तार काढायची आहे, डोकं बदलायचं आहे असे पंधरा-वीस फोटोच न्या. त्या टिफचा कलर स्पेस प्रोफोटो आरजीबी (एसआरजीबीपेक्षा रुंद) असतो, तेव्हा जेपेग फोटोशॉपमधून थेट काढू नका, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर चेहरे मेल्यासारखे दिसतात. टिफ सेव्ह करा, लाइटरूममध्ये परत या आणि तिथून एसआरजीबीत एक्सपोर्ट करा.

पैसे भरण्याआधी मशीन बघा. १६ जीबी रॅम आणि कॅटलॉगसाठी एसएसडी हवीच. फोटो बाहेरच्या डिस्कवर असले तरी चालतात. २०२३ मध्ये आलेल्या एआय डीनॉइजसाठी (फोटोतले दाणे काढणाऱ्या सोयीसाठी) घेणार असाल तर ग्राफिक्स कार्डाशिवाय एकेका फोटोला कित्येक मिनिटं लागतात. वर्गणी बंद झाली की फोटोशॉप उघडत नाही. लाइटरूम क्लासिक उघडतं, कॅटलॉग दिसतो, एक्सपोर्टही होतं, फक्त डेव्हलप आणि मॅप बंद पडतात. सात दिवसांची ट्रायल मिळते, पण ती एका खऱ्या लग्नाच्या रॉ फाइल हातात असतील तेव्हाच सुरू करा. सुरू करताना कार्ड मागतात. मासिक हप्त्याच्या पर्यायाखाली 'वार्षिक' लिहिलं आहे का ते नीट वाचा, कारण तो वर्षाचा करार असतो आणि मध्येच सोडला तर दंड बसतो. नको असेल तर सातवा दिवस उजाडायच्या आत रद्द करा.