उघडलं की दचकवलं? जिंगझेच्या नावामागची गोष्ट

चिनी दिनदर्शिकांवर ५ किंवा ६ मार्चला जिंगझे येतं. सूर्याच्या भ्रमणावरून वर्षाचे जे चोवीस भाग पाडतात, त्या सौरपर्वांपैकी हे एक. त्याचं चित्र बहुतेक ठरलेलं असतं: आभाळात वीज आणि खाली ओल्या मातीतून डोकं वर काढणारा एखादा भुंगा नाहीतर बेडूक. ढग गडगडले, जमिनीखाली झोपलेले जीव दचकून उठले, वसंत आला. गोष्ट गोड आहे. अडचण एवढीच, की या पर्वाची म्हणून जी तीन नैसर्गिक लक्षणं दोन हजार वर्षं घोकली जातात, त्यांत ना वीज आहे ना भुंगा. पहिल्या पाच दिवसांत पीचचं झाड फुलू लागतं, पुढच्या पाचांत हळद्या गाऊ लागतो आणि शेवटच्या पाचांत ससाण्याचा होला होतो. बस्स. दडलेले जीव हलू लागल्याची नोंद त्याच यादीत जवळपास महिनाभर आधी, लीचुनच्या म्हणजे वसंतारंभाच्या पंधरवड्यात सापडते. ढगांचा गडगडाट येतो तो नंतर, विषुवदिनाच्या पंधरवड्यात.

मग नाव एकीकडे आणि लक्षणं दुसरीकडे, हे झालं कसं?

आधी शब्द बघू. जिंगझेमधलं ‘झे’ म्हणजे हिवाळ्यात अंग मुडपून दडी मारून बसलेला जीव. त्यात साप, बेडूक, पाली सगळे आले. इंग्रजीतून आलेलं ‘कीटकांची जाग’ हे भाषांतर म्हणूनच तोकडं पडतं. जुन्या चिनीत ज्या अक्षराचा अर्थ आज ‘किडा’ असा घेतात, त्याच्या पोटात सरपटणारं बरंच काही मावत असे. खरा वाद ‘जिंग’चा आहे. जिंग म्हणजे दचकवणं. पण सर्वांत जुन्या मजकुरांत हा शब्दच नाही. तिथे आहे ‘छीझे’, आणि ‘छी’ म्हणजे उघडणं. दडलेले जीव आपापल्या बिळाचं दार उघडतात. कोणी कोणाला दचकवत नाही.

हे जुनं नाव कामाच्या गोष्टींत रुतलेलं होतं. कारागिरांसाठी लिहिलेल्या एका प्राचीन संहितेत ढोल मढवण्याची रीत दिली आहे. त्यात सांगितलंय, की चामडं ताणायचं ते छीझेच्याच दिवशी. एका इतिवृत्तात राजाने नगराबाहेर आकाशाला बळी द्यायचा तो छीझे लागल्यावर, असा दंडक आहे. दोन्हीकडे शब्द ‘उघडणं’ हाच.

तो बदलला एका राजाच्या नावामुळे. इ. स. पू. १५७ ते १४१ या काळात गादीवर असलेल्या हान सम्राटाचं नाव होतं लिउ छी. हे ‘छी’ नेमकं तेच, उघडण्याचं अक्षर. राज्यकर्त्याचं नाव लिहायचं नाही, उच्चारायचं नाही, हा नियम चीनमध्ये फार कडक पाळला जाई. नवऱ्याचं नाव गोविंद असेल तर गोविंदविड्यालाही दुसरा शब्द शोधणाऱ्या आपल्याकडच्या जुन्या बायकांना हा नियम समजावून सांगावा लागला नसता. फरक इतकाच, की तिथे तो साऱ्या साम्राज्याला लागू होता आणि पंचांगालाही. छीझेचं जिंगझे झालं.

इथे मराठी वाचकाची एक फसगत संभवते. हा सम्राट मरणोत्तर बिरुदाने ‘जिंग’ म्हणूनच ओळखला जातो. म्हणजे राजाचं नाव काढून राजाचंच बिरुद घातलं की काय? तसं नाही. बिरुदातलं जिंग आणि दचकवण्याचं जिंग ही अक्षरं वेगळी, सूरही वेगळे. देवनागरीत ती एकसारखी दिसतात, हा आपल्या लिपीचा दोष.

बहुतेक लेखक इथे थांबतात: नाव निषिद्ध झालं, शब्द बदलला, विषय संपला. मला हे पटत नाही. कारण त्याच निषेधापायी इतरत्र ‘छी’ खोडलं गेलं तेव्हा त्याच्या जागी सहसा ‘काय’ बसवलं गेलं. ‘काय’चा अर्थही उघडणंच. शांग घराण्यातल्या ‘छी’ नावाच्या एका राजपुत्राला हानकालीन इतिहासग्रंथात चक्क ‘काय’ करून टाकलं आहे. अर्थाला धक्का न लावणारा शब्द हाताशी होता. तरीही पंचांगासाठी ‘दचकवणं’ निवडलं गेलं, म्हणजे नाव टाळताना कुणीतरी अर्थही बदलून घेतला. इ. स. पू. १३९ मध्ये दरबारात सादर झालेल्या हुआइनानझी या ग्रंथात चोवीस पर्वांची पूर्ण यादी प्रथमच एकत्र दिसते, आणि तिथे या पर्वाचं नाव ‘मेघगर्जना दडलेल्यांना दचकवते’ अशा थाटात येतं. दिनदर्शिकेवरच्या चित्रातली वीज मला तिथून आलेली दिसते. गर्जना आणि बिळातून बाहेर पडणं यांची सांगड त्याआधी अगदीच नव्हती असं नाही. ऋतुचर्येच्या जुन्या मजकुरात दोन्ही गोष्टी विषुवदिनाशेजारी एका दमात सांगितल्या आहेत. पण एकामुळे दुसरं घडतं, हे नव्या नावानेच ठसवलं.

दुसरा घोळ क्रमाचा आहे, आणि तो पहिल्याहून बिकट. आज लीचुन, मग युशुई म्हणजे पर्जन्यजल, मग जिंगझे असा क्रम आहे. पूर्वी तो लीचुन, छीझे, युशुई असा होता. म्हणजे दार उघडण्याचा दिवस आजच्या १९ फेब्रुवारीच्या आसपास पडायचा. पुढे दोन नावांची अदलाबदल झाली. छिंगमिंग आणि गुयू या पुढच्या दोन पर्वांच्या जोडीचंही तेच.

कधी? हुआइनानझीत नवा क्रम आहे, तेव्हा सम्राटाच्या मृत्यूला दोनच वर्षं झाली होती. पण त्यानंतर दोनेक शतकांनी लिहिलेल्या हान राजवंशाच्या अधिकृत इतिहासात पंचांगाच्या प्रकरणात अजून जुनाच क्रम आहे, आणि प्रत्येक नावापुढे ‘हल्ली याला युशुई म्हणतात’, ‘हल्ली याला जिंगझे म्हणतात’ अशी टीप. सातव्या शतकातल्या एका टीकाकाराने अदलाबदलीचं खापर पश्चिम हानच्या, म्हणजे हान राजवटीच्या पहिल्या पर्वाच्या, अखेरीच्या एका पंचांगकर्त्यावर फोडलं. हुआइनानझीतला क्रम नंतरच्या नकलाकारांनी ‘दुरुस्त’ केला असावा, असंही काहींचं म्हणणं. हवा थंडावली म्हणून दडलेल्यांना उशिरा उठवावं लागलं, हा खुलासाही ऐकायला मिळतो. पण जुन्या नोंदींवरून विसाव्या शतकात केलेल्या मांडणीत पश्चिम हानचा काळ उबदारच ठरतो, थंडी नंतरची. त्यामुळे हे कारण मला तरी ओढूनताणून आणलेलं वाटतं.

लक्षणांची यादी मात्र साक्ष द्यायला उभी आहे. ऋतुचर्येच्या जुन्या मजकुरात वसंताच्या मधल्या महिन्याची सुरुवात अशी: पाऊस पडू लागतो, पीच फुलू लागतो, हळद्या गातो, ससाण्याचा होला होतो. ही चारही वाक्यं एकापाठोपाठ आहेत. म्हणजे आज जिंगझेच्या नावावर असलेली तिन्ही लक्षणं मुळात पर्जन्यजलाच्या शेपटीला बांधलेली. पाट्या बदलल्या, सामान जागचं हललं नाही.

लक्षणांतलं तिसरं सर्वांत मजेशीर. यातला ‘होला’ बऱ्याच टीकाकारांच्या मते कोकीळकुळातला पक्षी. ससाणे विणीसाठी नजरेआड होतात आणि त्याच सुमारास तसेच करडे, छातीवर पट्टे असलेले पक्षी ओरडू लागतात, तर त्यांचंच हे रूपांतर, असा तर्क. हसण्याआधी आपला पावशा आठवावा. ‘पेरते व्हा’ म्हणणारा हा पक्षी उडताना हुबेहूब शिक्रा वाटतो. इतर पाखरंही फसतात. या लक्षणांचा उपयोग निव्वळ शेतीसाठी नव्हता, हेही विसरलं जातं. पक्षी वेळेवर बदलला नाही तर लुटारू आणि लढाया वाढणार, असा इशारा एका जुन्या ग्रंथात आहे. निसर्ग पाहणं म्हणजे राज्यकारभाराची नाडी पाहणं होतं.

पुढचा मोठा बदल थेट १६४५ सालचा. तोवर वर्षाचे चोवीस सारखे भाग पाडत, प्रत्येकी साधारण सव्वापंधरा दिवसांचे. बेजिंग नुकतंच हाती आलेल्या छिंग राजवटीने जेझुइट पाद्र्यांच्या गणिताने सूर्याच्या प्रत्यक्ष भ्रमणाचे पंधरा पंधरा अंश मोजायला सुरुवात केली. जिंगझे ३४५ अंशांवर बसलं आणि दोनेक दिवस अलीकडे आलं. त्यावरून नंतर दरबारात खटलाही चालला, तो वेगळा विषय. आपल्या संक्रांती निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या, म्हणून मकरसंक्रांत १४ वरून १५ जानेवारीकडे सरकते. हे गणित सायन, म्हणजे विषुवदिनापासून मोजलेलं, म्हणून जिंगझे मार्चच्या पहिल्या आठवड्यातून हलत नाही.

निसर्ग मात्र एवढा शिस्तीत चालत नाही. वसंतातला पहिला गडगडाट यांगत्सेच्या खोऱ्यात याच सुमारास ऐकू येतो, तर बेजिंगला सहसा एप्रिल उजाडतो, तोही सरत आलेला. ‘जिंगझेआधी गडगडलं तर एकोणपन्नास दिवस ढग हटणार नाहीत’ ही म्हण त्यामुळे सगळ्या चीनला एका मापाने लागू पडत नाही. आणि जमिनीखालच्या जीवांना जाग येते ती माती तापल्याने, आवाजाने नाही.

२०१६ साली चोवीस पर्वांचं हे ज्ञान युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या प्रातिनिधिक यादीत गेलं. उत्तरेत या दिवशी नासपती खाण्याची प्रथा आहे. ‘नासपती’ आणि ‘दूर जाणं’ हे शब्द चिनीत सारखेच ऐकू येतात, म्हणून कीड दूर जावी.

हाँगकाँगमध्ये कॅनॉल रोडच्या उड्डाणपुलाखाली वेगळंच दृश्य असतं. बुटक्या स्टुलावर बसलेल्या म्हाताऱ्या बायका विटेवर कागदी माणूस ठेवतात आणि जुन्या चपलेने त्याचा पार चोथा करतात. तोंडाने शिव्याशाप तालात चालू असतात. तो कागद म्हणजे गिऱ्हाइकाला छळणारा कोणीही: साहेब, सवत, शेजारी. शेजारी पिवळ्या कागदाचा वाघ असतो, त्याच्या तोंडाला डुकराची चरबी फासतात, म्हणजे पोट भरलेला वाघ चावणार नाही. किडामुंगी हाकलण्याचा विधी माणसांवर घसरला तो असा. वरून वाहनं जातात, त्यांचा गडगडाट अखंड.

जपानने हे पर्व चीनकडूनच घेतलं. तिथल्या दिनदर्शिकांत आज त्याला केइचित्सु म्हणतात. लक्षणंही त्यांनी आपल्या सोयीने बदलली: दडलेले जीव दार उघडतात, पीच ‘हसू’ लागतो आणि ससाण्याऐवजी भाजीवरच्या अळीचं फुलपाखरू होतं. त्या नावातलं पहिलं अक्षर उघडण्याचंच आहे, लिउ छीच्या नावातलं, आणि तिथे ते दरवर्षी बिनदिक्कत छापलं जातं.